कुत्र्याच्या तोंडाला काम हवे

पायातली चप्पल, दिवाणावरची उशी, टीव्हीचा रिमोट, मोबाइलच्या चार्जरची वायर, दारातले पायपुसणे. घरात कुत्रे आले की वर्षभरात यांतले काही ना काही त्याच्या दातांखाली जातेच, आणि मग निदानही ठरलेले असते : कुत्रे वांड आहे, लाडाने डोक्यावर चढले आहे, दोन फटके बसले की सरळ होईल. या निदानात सगळा दोष कुत्र्याच्या स्वभावाच्या वाट्याला येतो. पण प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत कुत्र्यावर जे काम केले आहे, ते पाहिले तर हे निदान टिकत नाही. धरणे, चावणे, फाडणे, विस्कटणे ही कुत्र्याच्या जबड्याची आणि मेंदूची खरीखुरी गरज आहे. ती भागवण्याची रीतसर सोय घरात नसेल, तर ती चपलेवर आणि गादीवर भागवली जाते. अमरावती-अकोल्यात या गरजेची वर्षातले तीन-साडेतीन महिने जास्तच कोंडी होते, कारण वऱ्हाडातले ऊन कुत्र्याचे घराबाहेरचे जग जवळजवळ बंद करून टाकते. म्हणून आपल्या भागात हा प्रश्न सोडवायचा, तर कुत्र्याचा स्वभाव बदलण्याच्या मागे न लागता घराचा दिनक्रम बदलायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी दातांचे पाहू. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, मोठ्या कुत्र्याला ४२. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास दुधाचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत सगळे दात बदलून होतात. या काळात हिरड्या दुखतात, शिवशिवतात आणि काहीतरी दातांखाली धरून दाबले की बरे वाटते. एवढे बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे चार महिन्यांच्या पिल्लाला माफी मिळते. खरी चिडचिड सुरू होते ती आठ-नऊ महिन्यांच्या कुत्र्याबद्दल. दात तर येऊन बसले, तरी हा चावतोच, म्हणजे आता ही खोडच, असा तर्क केला जातो. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातील ल्यूसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे लक्षात घ्यायला हवा. दृष्टिहीन व्यक्तींच्या मदतीसाठी तयार होत असलेल्या कुत्र्यांकडे त्यांनी पाचव्या आणि आठव्या महिन्यात पाहिले. पाचव्या महिन्यात 'बस' म्हटल्यावर बसणारी कुत्री आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्या माणसाचे कमी ऐकत होती; परक्या माणसाचे मात्र ऐकत होती. वर्षाच्या आसपास त्यांचे वागणे पुन्हा सुधारले. म्हणजे कुत्र्यालाही कुमारवय असते. अंग भरलेले, जबड्यात पूर्ण ताकद आलेली, पण आवेग आवरण्याची क्षमता अजून कच्ची. घरातली सर्वांत मोठी नासधूस नेमकी याच महिन्यांत होते आणि कुत्रे सोडून देण्याचा किंवा 'शेतावर पाठवण्याचा' विचारही घरात याच महिन्यांत डोके वर काढतो. आणखी तीन-चार महिने कळ काढली तर जे आपोआप निवळणार असते, त्यासाठी कुत्र्याला जन्माची शिक्षा मिळते.

दात आणि वय यांच्याही खाली एक जुना थर आहे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी शिकारी प्राण्याचे वर्तन टप्प्याटप्प्याने मांडले : हेरणे, टक लावणे, दबा धरणे, पाठलाग करणे, धरणे, मारणे, फाडणे आणि मग खाणे. माणसाने हजारो पिढ्या निवड करत कुत्र्यात यातले काही टप्पे ठळक केले, काही पुसट केले. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीत टक लावणे आणि पाठलाग उरला. गोळी लागून पडलेला पक्षी उचलून आणणाऱ्या लॅब्राडोरमध्ये तोंडात धरण्याची ओढ राहिली. फाडण्याचा टप्पा थोड्याफार प्रमाणात बहुतेक कुत्र्यांत शिल्लक आहे. कातडे, केस, कूर्चा, हाड यांतून वाट काढण्यासाठीच त्यांच्या दाढा घडल्या आहेत. कापसाच्या मुलखात, जिथे अजूनही घरोघरी पिंजलेल्या कापसाच्या गाद्या आहेत, तिथे कुत्र्याला गादी इतकी का आवडते याचे उत्तर इथे मिळते. खोळ फाटली की आतून मऊ, तंतुमय, ओढले की पुंजक्यापुंजक्यांनी बाहेर येणारे काहीतरी निघते. भक्ष्याची लव किंवा पिसे उपटणाऱ्या जबड्याला यापेक्षा वेगळे काय हवे? तिथे आपल्याला नुकसान दिसते. कुत्र्याच्या मेंदूला मात्र कामात यश आल्याची खूण मिळते.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. जॉन ब्रॅडशॉ यांच्यासह ब्रिटनमधल्या संशोधकांनी श्वानगृहातल्या प्रौढ लॅब्राडोर कुत्र्यांना एकच खेळणे थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा दिले. थोड्याच फेऱ्यांत कुत्र्यांचा रस संपला. दुसरे वेगळे खेळणे समोर येताच तीच कुत्री पुन्हा पहिल्या उत्साहाने त्याच्यावर तुटून पडली. ज्या वस्तूचे तुकडे निघतात, जिचा आकार बदलतो, त्या वस्तूत त्यांचे मन जास्त रमते, असेही या गटाच्या कामातून दिसले. बाजारातून आणलेल्या कडक रबरी हाडाकडे कुत्रे आठवड्याभरात पाठ का फिरवते आणि नव्या चपलेकडे का वळते, याचा उलगडा यातून होतो. चपलेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे वास. अटलांटा येथील एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात जागेपणी शांत पडून राहायला शिकवले आणि त्यांना वेगवेगळे वास दिले. सुखद अपेक्षेशी निगडित असलेला मेंदूचा भाग सर्वाधिक सक्रिय झाला तो ओळखीच्या माणसाच्या वासाने. आता घरात आपला वास कशाकशाला लागतो ते आठवून पाहा. चप्पल, मोजे, उशीची खोळ, चष्मा, रिमोट, मोबाइलचे कव्हर. कुत्रे महागड्या वस्तू निवडून खराब करते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते आपण सर्वांत जास्त हाताळलेल्या वस्तू निवडत असते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. गावाकडची कुत्री कुठे गाद्या फाडतात? आजोबांच्या काळात अंगणात कुत्रे असायचे, शिळी भाकर खायचे, राखण करायचे. त्याला खेळणी कोणी दिली होती? खरे आहे. पण त्या कुत्र्याचा दिवस कसा जायचा तेही पाहायला हवे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी मोकाट कुत्री आणि खोकड यांच्या आहाराचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. तिथल्या कुत्र्यांचे पोट मुख्यतः माणसाकडून येणाऱ्या अन्नावर भरत होते. पण हे अन्न ताटात वाढलेले नसते. ते हुंगून शोधावे लागते, उकरावे लागते, फाडून काढावे लागते. कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांचा बराच अभ्यास केला आहे. मांसाचा वास आला की आधी तोंड लावायचे, शहानिशा नंतर, हा या कुत्र्यांचा साधा नियम त्यांनी प्रयोगांतून दाखवला. उकिरड्यावर जगायचे तर हाच नियम शहाणपणाचा. तोच नियम घेऊन कुत्रे बैठकीत आले की भाजीची पिशवी फाटते. शिवाय मोकळे कुत्रे आपली वेळ आपण ठरवते; दुपारी गाडीखाली पडून राहते, पहाटे आणि रात्री फिरते. फ्लॅटमधल्या किंवा ले-आऊटमधल्या कंपाउंडमध्ये बांधलेल्या कुत्र्याची वेळ आपण ठरवतो. जुन्या काळच्या कुत्र्याला खेळणी लागत नव्हती, कारण त्याला गाव होते. यावरून मोकाट जगणेच बरे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. भद्रा यांच्याच गटाच्या २०१६ सालच्या अभ्यासात रस्त्यावरच्या पिल्लांपैकी जेमतेम १९ टक्के पिल्ले प्रजननाच्या वयापर्यंत पोचल्याचे आढळले, आणि बहुतेक मृत्यूंना माणूस या ना त्या प्रकारे कारणीभूत होता. घर कुत्र्याचा जीव वाचवते. त्या बदल्यात त्याचे काम काढून घेते, ते परत द्यायला हवे.

आता वऱ्हाडच्या उन्हाळ्याकडे येऊ. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने उष्णतेच्या कारणासाठी कलम १४४ लागू केले. नवतपा सुरू झाला की अमरावती काय, अकोला काय, सकाळी नऊनंतर रस्ता ओस पडतो. माणसाची ही गत, तर कुत्र्याची काय असेल? निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळातच ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. आपल्याला अंगभर घाम येतो. त्याला तो पंजांच्या गाद्यांपुरताच येतो. बाकी बरीचशी उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकत, तोंडातल्या ओलाव्याच्या वाफेवाटे बाहेर टाकावी लागते. बाहेरची हवाच ४५ अंश असेल तर हा एकच मार्ग उरतो आणि त्याला पाणी भरपूर लागते. शरीराचे तापमान ४१ अंशांपलीकडे गेले की उष्माघाताची पाळी येते. डांबरी रस्ता तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. हाताचा तळवा सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल तर त्या रस्त्यावर कुत्र्याला नेऊ नये. हे सगळे समजणारी सुजाण माणसे कुत्र्याला घरातच ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. मात्र त्यामुळे मार्च ते मृगापर्यंत कुत्र्याचे दिवसाकाठी दहा-बारा तास खिडक्या लावलेल्या खोलीत, कूलरच्या घरघराटात जातात. बाहेरचे वास नाहीत, धावणे नाही, दुसरे कुत्रे नाही. मेंदूला मात्र रोजच्याइतकेच काम हवे असते. मग कूलरचे गवत ओढून काढणे, पाण्याची नळी चावणे, सोफ्याच्या कोपऱ्यात उकरणे हे उद्योग सुरू होतात. कुत्रे उन्हामुळे पिसाळले, चिडके झाले, असे लोक म्हणतात. उन्हाने ते कोंडले गेले आहे, एवढे साधे कारण आपण विचारात घेत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षेचा. कुत्र्याला आपली चूक कळते, बघा कसे कान पाडून, नजर चोरून, शेपूट आत घालून बसले आहे, असे कुत्रे पाळणारा प्रत्येक जण सांगतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याच समजाची परीक्षा घेतली. प्रयोगात १४ कुत्री होती. मालकाने खाऊला तोंड लावू नको असे बजावून खोलीबाहेर जायचे. तो बाहेर असताना कधी कुत्र्याला खाऊ खाऊ दिला जाई, कधी नाही. आणि परत आलेल्या मालकाला कधी खरे सांगितले जाई, कधी खोटे. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर. कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नव्हता, याचा त्या चेहऱ्याशी संबंध नव्हता. उलट काही न करता ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांत तो चेहरा सर्वांत ठळक होता. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ती समोरच्या रागाला दिलेली शरणागती आहे. संध्याकाळी घरी येऊन दुपारी फाडलेल्या उशीसाठी मारले, तर उशी आणि मार यांची सांगड कुत्र्याला घालता येत नाही. कृती आणि तिचा परिणाम यांत काही क्षणांचेच अंतर असले तरच तो संबंध त्याच्या मनात पक्का होतो. या उशिरा दिलेल्या माराने त्याला एवढेच कळते, की दार उघडून माणूस आत आला की भीती वाटायला हवी.

मारून तर आमच्या घरची कुत्री सुधारली आहेत, असेही कोणी म्हणेल. मार ताबडतोब बसला तर ती कृती त्या क्षणी थांबते हे मान्य करायला हवे. प्रश्न पुढचा आहे. ब्रिटनमध्ये हिबी, रूनी आणि ब्रॅडशॉ यांनी २००४ साली ३६४ कुत्रेपालकांची माहिती अभ्यासली. बक्षिसाने शिकवलेली कुत्री जास्त आज्ञाधारक होती आणि शिक्षेचा वापर जिथे जास्त, तिथे त्रासदायक वर्तनही जास्त होते. हा सहसंबंध आहे. मुळात त्रासदायक कुत्र्यालाच जास्त मार बसत असेल, ही शंका रास्त आहे. म्हणून पोर्तुगालमधल्या संशोधकांचा २०२० सालचा अभ्यास जोडीला घ्यावा. त्यांनी शिक्षा वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या प्रशिक्षणवर्गांतली मिळून ९२ कुत्री निवडली. शिक्षेच्या वर्गांतल्या कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक जास्त वाढलेले आढळले आणि ताणाची लक्षणेही जास्त दिसली. ताणलेले कुत्रे पुन्हा काहीतरी चावायला शोधते, आणि शिक्षेने जे थांबवायचे होते त्यालाच शिक्षा खतपाणी घालते.

आम्ही बाहेर गेलो म्हणून त्याने सूड घेतला, ही आणखी एक समजूत. बुडापेस्टच्या योझेफ तोपाल, आदाम मिक्लोशी आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले, की लहान मुलाचे आईशी असलेले भावनिक बंध तपासण्याची जी पद्धत आहे, ती कुत्रा आणि मालक यांच्या ५१ जोड्यांना लावली तर बरेचसे तसेच वर्तन दिसते. आपला माणूस खोलीत असेपर्यंत कुत्रे निर्धास्त खेळते, तो गेला की दाराकडे जाऊन उभे राहते. त्यामुळे एकटेपणी झालेली नासधूस दोन प्रकारची असू शकते आणि हा फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे. कंटाळ्याची नासधूस घरभर असते, माणसे घरात असतानाही होते, हाताला लागेल ते फाडले जाते. एकटेपणाच्या भीतीची नासधूस दार, चौकट, खिडकी, कुलूप यांच्या आसपास असते. माणूस गेल्यावर थोड्याच वेळात सुरू होते. सोबत रडणे-भुंकणे, लाळ गळणे, जागच्या जागी लघवी होणे असते. आणि समोर ठेवलेला आवडता खाऊही तसाच पडून राहतो. जुना मोबाइल चित्रण लावून ठेवला तर अर्ध्या तासात उत्तर मिळते. पहिल्या प्रकाराला काम पुरवावे लागते. दुसऱ्या प्रकारात खेळण्यांनी भागत नाही. दोन मिनिटे, पाच मिनिटे, दहा मिनिटे अशी एकटे राहण्याची सवय लावावी लागते आणि पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा लागतो. काही कुत्र्यांना औषधाची गरज पडते.

जातीला दोष देणेही सोपे असते. २०२२ साली अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुके एकत्र तपासली गेली, तेव्हा एखाद्या कुत्र्याच्या वर्तनातल्या फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरकच जातीवरून सांगता येतो असे दिसले. तरी काही बाबतीत शरीररचना बोलते. केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे पाव लॅब्राडोरांत एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. त्यामुळे त्यांना दोन जेवणांच्या मध्ये जास्त भूक लागते आणि विश्रांतीत ऊर्जाही कमी खर्च होते. असे कुत्रे कचऱ्याची बादली उलथवत असेल तर त्याला हावरट म्हणण्यात काय अर्थ? आणि बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला दाट केसांचा हस्की अकोल्यात आणून वर्षातले चार महिने बंद खोलीत ठेवणे, ही माझ्या मते निव्वळ क्रूरता आहे.

चावणे स्वाभाविक असले तरी ते नेहमी निरुपद्रवी नसते, हे इथे ठामपणे सांगायला हवे. फाडणे वेगळे आणि गिळणे वेगळे. मोजे, चिंध्या, आंब्याची कोय, मक्याचे बुरकुंडे आतड्यात अडकले की शस्त्रक्रियेखेरीज इलाज राहत नाही. चालू वायर चावली तर तोंड भाजतेच, शिवाय काही तासांनी फुप्फुसांत पाणी साचू शकते; कूलरची वायर म्हणूनच उंचावरून न्यावी. वऱ्हाडाची म्हणून एक खास धोक्याची वस्तू आहे : सरकी आणि सरकीची ढेप. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटात ते बरेचसे निष्प्रभ होते. कुत्र्याच्या पोटात तशी सोय नाही आणि त्याच्या हृदयावर परिणाम होतो. गोठ्याजवळ राहणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला ढेपेचे पोते लागणार नाही अशी व्यवस्था हवी. फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे आणि उंदराचे औषध यांबद्दल वेगळे सांगायची गरज नसावी. माती, चुना, कापड असे अखाद्य पदार्थ कुत्रे सतत गिळत असेल तर ती खोडी समजून सोडून देऊ नये. जंत, रक्तक्षय किंवा पोटाचा विकार मागे असू शकतो. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, दोन्ही जिल्ह्यांत सरकारी पशुचिकित्सालये आहेत. तपासणी अवघड नाही.

मग दिनक्रम कसा बदलायचा? मे महिन्यात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. पाचला बाहेर पडले की रस्ता गार असतो आणि तास-सव्वा तास मिळतो. या वेळेत नुसते भरभर चालवून आणण्यापेक्षा कुत्र्याला थांबून थांबून हुंगू द्यावे. शार्लोट द्युरांतों आणि होरोविट्झ यांच्या २०१९ सालच्या प्रयोगात दोन आठवडे वासाचा माग काढण्याचा सराव मिळालेली कुत्री, मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव मिळालेल्या कुत्र्यांपेक्षा अनोळखी प्रसंगाकडे जास्त आशेने पाहताना आढळली. नाकाला काम मिळाले की मन निवते, असा याचा अर्थ. अमरावतीत वडाळी-पोहऱ्याच्या जंगलालगत राहणाऱ्यांनी मात्र अंधारात कुत्र्याला दोरीशिवाय सोडू नये. तिथे बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रे हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. दुपारसाठी कुत्र्याचे जेवण ताटलीत न वाढता त्याला ते कमावू द्यावे. पोळीचे तुकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात, पिना आणि चिकटपट्ट्या काढून, गुंडाळून ठेवावेत आणि ते खोके खुशाल फाडू द्यावे. पोकळ रबरी खेळण्यात दही-भात भरून फ्रीजरमध्ये गोठवला तर उन्हाळ्यात गारवाही मिळतो आणि वेळही जातो. त्यात कांदा किंवा मनुका कधीही नसाव्यात, दोन्ही कुत्र्याला घातक आहेत. दात येणाऱ्या पिल्लाला जाड सुती कापडाला गाठी मारून, ओले करून, गार करून द्यावे आणि समोर बसून चावू द्यावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत, त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात. खेळणी चार असतील तर तीन लपवून ठेवावीत आणि रोज बदलावीत. लॅब्राडोरांवरचा प्रयोग नेमके हेच सांगतो. जुनी चप्पल खेळायला देऊ नये, कारण जुनी आणि नवी हा भेद किमतीचा आहे. वास दोन्हींना सारखाच असतो. पिल्लू एकटे असेल तेव्हा त्याला एकच आवरलेली खोली द्यावी. चुकीची वस्तू तोंडात सापडली तर ओढाओढ न करता बदल्यात दुसरी द्यावी.

फाडायला दिले तर फाडायचीच सवय लागेल, अशी भीती काहींना वाटते. पण फाडण्याची ओढ आपण दिली नाही म्हणून नाहीशी होत नाही. काय फाडायचे एवढेच कुत्रे शिकते, आणि ते शिकवणे आपल्या हातात असते. राहिला वेळेचा प्रश्न. नोकरी, शिकवण्या, शेती सांभाळून हे कोणी करायचे? खोके तयार करायला दहा मिनिटे लागतात आणि उन्हाळ्यात मुलांना सुट्टी असते. हे काम त्यांचेच आहे. पहाटेचा तास मात्र मोठ्यांनाच द्यावा लागेल. तो देणे शक्य नसेल तर कुत्रे न पाळणे हा प्रामाणिक निर्णय आहे.

कुत्र्याच्या या गरजेला कायद्याचाही आधार आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्यासाठी राज्यसभेत पाठपुरावा केला होता नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. त्याच्या अकराव्या कलमानुसार नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा आहे. जनावर उपासमारीच्या स्थितीत सोडून देणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये इतका कमी असल्याने त्याचा धाक नाही, आणि तो वाढायलाच हवा. पण साठहून अधिक वर्षांपूर्वीच्या कायद्याने जी गोष्ट ओळखली, तीच आज प्रयोगशाळा सांगत आहेत.

ज्यांच्या घरी पिल्लू येऊ घातले आहे त्यांना शेवटी एक विनंती. ते जानेवारी-फेब्रुवारीत आणू नका. त्या वेळी आणलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाचे दात ऐन उन्हाळ्यात बदलतात, घराबाहेर पडायला, जग पाहायला हवे त्याच वयात ते कूलरपुढे अडकते. तेच पिल्लू आषाढ-श्रावणात आणले तर दात पावसाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत बदलून होतात, कुमारवयाचा धसमुसळेपणा थंडीत रोजच्या लांब फेरफटक्यांवर निभावतो, आणि चैत्राचे ऊन तापू लागते तेव्हा कुत्रे वर्षाचे होत आलेले असते.